घाटातली किणकिण

दौलताबादच्या घाटात अनवरी बेगमची मोटार लागोपाठ तिसऱ्या जुम्मेराती, म्हणजे गुरुवारी, उकळली. पहिल्या दोन वेळा निदान वडाची सावली तरी होती. या खेपेला गाडीनं जागा अशी निवडली की एका अंगाला तापलेला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी. बेगमसाहेब बुरखा सावरत दोन तास रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, त्यांची मोलकरीण अमिना त्यांच्यावर छत्री धरून उभी राहिली, आणि सांडू ड्रायव्हर रिकामा डबा घेऊन खालच्या विहिरीकडे धावत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस जीव खाऊन धावतो तेव्हा बघणाऱ्यांना मोठी गंमत वाटते. सरपणाच्या गाड्या घेऊन चाललेल्या दोघातिघांनी बैल थांबवून ती गंमत मनसोक्त पाहिली.

मोटार संध्याकाळी औरंगाबादेत पोचली, बातमी तिच्या आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी बेगमसाहेबांच्या दिरांनी, ज्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत, सांडूला दिवाणखान्याच्या पायरीशी बोलावलं. पुढच्या जुम्मेराती मोठ्या साहेबांची, म्हणजे बेगमच्या गेलेल्या नवऱ्याची, बरसी होती. बेगम खुलताबादला कबरीवर फातिहा पढायला जाणार होत्या, सगळं गणगोत तिथं जमणार होतं. त्या दिवशी गाडी तापली तर एक तारखेपासून हैदराबादेहून नवा ड्रायव्हर येईल आणि मोटारखान्यामागची खोली त्याला लागेल, असं धाकट्या साहेबांनी सांगितलं. अगदी तोंडाजवळ वाकून, लहान पोराला समजवावं तसा एकेक शब्द तोडून सांगितलं. सांडूला ताकिदीपेक्षा त्या तोडून बोलण्याचाच जास्त राग आला.

ती खोली म्हणजे काही महाल नव्हता. एक खाट, एक चूल, आणि कोनाड्यात त्याच्या बायकोची, लक्ष्मीबाईची, कुंकवाची डबी. लक्ष्मीबाईला जाऊन आठ वर्षं झाली होती आणि पोरबाळ झालंच नव्हतं. सोयगावकडे चुलतभावाचं घर होतं, पण त्या घरातून शेवटचं बोलावणं कधी आलं ते सांडूला आठवत नव्हतं. ही खोली गेली तर या वयात गाठोडं उचलून जायचं कुठं, असं त्यानं स्वतःला विचारलं. मग पाना घेऊन तो गाडीखाली शिरला.

सांडूचं एक होतं. गाडीच्या बाबतीत तो कुणाच्या सांगण्यावर जायचा नाही. शहागंजच्या मिस्त्रीनं, म्हणजे आताच्या मुबारक मिस्त्रीच्या बापानं, त्याला हे काम शिकवलं होतं. म्हातारा म्हणायचा, इंजिनाशी डोळे मिटून बसायचं आणि ऐकायचं, त्याला काय होतंय ते तेच सांगतं. सांडू तसं ऐकायला शिकला. मोठे साहेब होते तेव्हा पाहुण्यांना घेऊन तो पार अजिंठ्यापर्यंत जाऊन यायचा. साहेब कौतुकानं सांगायचे की आमच्या ड्रायव्हरला हाताचं घड्याळ नको, त्याचे कानच घड्याळ आहेत.

शनिवारी त्यानं रेडिएटरची तोटी सोडली. पाणी तांबूस आलं पण धार बोटभर जाड पडली, म्हणजे नळ्या तुंबलेल्या नव्हत्या. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून धुण्याचा सोडा कालवून घातला, इंजिन घटकाभर चालवलं, सगळं काढून टाकलं आणि नहरीचं, म्हणजे शहराच्या कालव्याचं, स्वच्छ पाणी वस्त्रगाळ करून भरलं. पंख्याचा पट्टा सैल वाटत नव्हता, तरी ताणून घेतला. रबरी नळ्या दाबून पाहिल्या, एक मऊ लागली ती बदलली. पाण्याच्या पंपातून थेंब येत होता, तिथं तेल लावलेली दोरी नव्यानं भरली. मग रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं आणि पाण्यात टक लावून बसला. इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग फाटलं असतं तर बुडबुडे आले असते. पाणी देवाच्या तीर्थासारखं शांत होतं.

रविवारी त्यानं चारी चाकं एकेक करून उचलली. ब्रेक घासत असले तरी इंजिन तापतं. चाकं बोटानं फिरवली तशी सुरसुर फिरली. इंजिनातलं तेल बदलून झालं. मग गाडी काढून छावणीपर्यंत जाऊन आला, आणि वाड्याच्या फाटकात शिरेपर्यंत झाकणातून वाफ यायला लागली.

सांडू मोटारखान्याच्या उंबऱ्यावर बसून राहिला. रातकिडे किणकिणत होते. हल्ली मोटारखान्यात रातकिडे भलतेच माजले होते, दिवसाउजेडीसुद्धा गप्प बसायचे नाहीत मेले. त्यानं एकदा सगळे कोपरे झाडून काढले, फटींत रॉकेल ओतलं, पण एक रातकिडा हाती लागला असेल तर शपथ.

तसं कुणाला विचारावं तर विचारणार कुणाला. शहरातली माणसंही बदलली होती, असं सांडूचं ठाम मत झालं होतं. पानवाला असो की पाणक्या, हल्ली एक तर वसकन ओरडून बोलत किंवा बोलतच नसत. आधी सांडूनं त्यांच्याकडे जायचं कमी केलं, मग त्यांनी त्याला हाक मारायचं कमी केलं. कधी कधी दिवस मावळल्यावर त्याच्या ध्यानात यायचं की आज आपण एक शब्दही बोललो नाही, गाडीला दिलेल्या शिव्या सोडल्या तर.

पण बाकीच्यांचं सोडा. त्याच्या जिवाला लागलं होतं ते बेगमसाहेबांचं.

गाडीच्या मागच्या काचांना जाड पडदे होते, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागंही एक पडदा. सांडूनं मागं वळून पाहायचं नाही, ही या घरची पहिल्या दिवसापासूनची रीत. साहेब गेले त्याला आता चार वर्षं होत होती. ते गेल्यावर बेगम पहिल्यांदा खुलताबादला निघाल्या तेव्हा पडद्यामागून बारीक आवाजात विचारणा झाली होती, की सांडू, आता कुठं आलो. त्यांचं माहेर वैजापूरकडचं, त्यामुळं मराठी घरच्यासारखी बोलायच्या. सांडूनं सांगितलं, खाम नदीचा पूल ओलांडला, बेगमसाहेब. मग पाडेगाव आलं ते सांगितलं, मिटमिट्याची बाभळबन सांगितली. हळूहळू ती वहिवाटच पडली. बेगम विचारायच्या, शरणापूरच्या विहिरीवर मोट चालू आहे का, चिंचेखाली ती लाह्या विकणारी म्हातारी आज बसली आहे का, दौलताबादेत सीताफळं आली का. सांडू समोर बघत सांगायचा. म्हातारीच्या डोक्यावर आज नवा पदर आहे, इथपर्यंत सांगायचा. पडद्यामागून हसू ऐकू यायचं. सगळा रस्ता त्या त्याच्या डोळ्यांनी बघत होत्या आणि आठवडाभर मुका राहिलेला सांडू त्या दोन तासांत पोटभर बोलून घेत होता.

वर्ष झालं असेल, ते थांबलं. कधी, कसं, हे सांडूला नेमकं सांगता आलं नसतं. पावसाळ्यात तो हिवतापानं महिनाभर पडला होता, कुनैनच्या गोळ्या खाऊन उठला, पुन्हा गाडीवर बसला, आणि त्यानंतर पडद्यामागून शब्द आला नाही. त्यानं मनाशी समजूत घातली, की त्या जहागीरदारीण, आपण गाडी हाकणारा, चार दिवस बोलल्या हेच फार. समजूत पटली नाही. आपलं काय चुकलं, हे त्यानं रस्ताभर मनात किती वेळा घोळवलं असेल. पण नोकरानं पडद्याकडे तोंड करून विचारायचं कसं? तोही मग मूग गिळून बसला, आणि दर जुम्मेराती ती गाडी खुलताबादला जाऊन येऊ लागली, जणू पुढं एक गाडी आणि मागं दुसरी.

सोमवारी हात टेकून त्यानं गाडी शहागंजला मुबारककडे नेली. मुबारक तिशीचा, बापासारखाच चिवट, पण घणांच्या आवाजात वाढलेला म्हणून बोलणं खणखणीत. त्यानं ठिणगी पाडणारे पॉइंट उघडून पाहिले, मोजमाप ताडून पाहिलं आणि सगळं ठीक म्हणाला. मग स्वतः हँडल मारून गाडी काढली आणि सांडूला दुकानात बसवून पाडेगावपलीकडे जाऊन आला. परत आल्यावर सांडूनं रेडिएटरवर हात ठेवला. कोमट. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या कपाळाइतकं कोमट.

मंगळवारीही तेच झालं. मुबारकनं चालवली तर गाडी शहाणी, सांडूनं शहागंजहून छावणीपर्यंत नेली तर वाफा. दुकानातले दोघे कारागीर गालातल्या गालात हसले. सांडूच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षं या घरची चाकरी, आधी टांगा आणि मग मोटार, आणि आता गाडीनंच वैर धरलं म्हणावं तर तिलाही काही रीत असावी.

मुबारक मात्र हसला नाही. बुधवारी सकाळी तो म्हणाला की आज तू चालव, मी बाजूला बसतो, घाटापर्यंत जाऊ.

निघाले. पाडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. मुबारक गाडीकडे बघत नव्हता, सांडूच्या हातांकडे बघत होता. त्या गाडीला स्टिअरिंगखाली दोन दांड्या होत्या. उजवी रेसची. डावी खाली ओढली की ठिणगी लवकर पडायची, वर ढकलली की उशिरा. हँडल मारताना डावी वर ठेवायची, नाही तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. इंजिन चालू झालं की ती खाली ओढायची, आणि चढावर इंजिनातून किणकिण ऐकू आली की ती थांबेपर्यंत किंचित वर घ्यायची. किती ओढायची, किती वर घ्यायची, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. ते कानानं ठरायचं.

शरणापूरजवळ, सपाट रस्त्यावर, सांडूनं ती दांडी वर ढकलली. थोड्या वेळानं आणखी ढकलली. मग पार वर, जिथं ती हँडल मारताना असते तिथं. गाडी ओझ्याच्या बैलासारखी रेटू लागली. मुबारकनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं.

“किणकिण करतीय ना,” सांडू म्हणाला. “हल्ली लई करती. घाटातच नाय, सपाटीला बी. कितीबी वर घ्या, थांबतच नाय.”

“मामू, किणकिण कुठं आहे?”

“ही काय. ऐक की.”

मुबारकनं ऐकलं. मग त्यानं सांडूला गाडी वडाखाली घ्यायला लावली, हात लांब करून इंजिन बंद केलं आणि गप्प बसला. उन्हाची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, वडाचं पान हलत नव्हतं. बऱ्याच वेळानं मुबारक त्याच्याकडे वळला आणि तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, “आता? आता ऐकू येतीय?”

सांडूला येत होती. तीच, तेवढीच, बारीक, अखंड. क्षणभर त्याला वाटलं, रातकिडे आहेत. मग त्यानं भोवतालच्या त्या रखरखीत उन्हाकडे पाहिलं आणि त्याला मोटारखान्यातले कोपरे आठवले, रॉकेल ओतलेल्या फटी आठवल्या. त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. किणकिण वाढली.

तो किती वेळ बोटं घालून बसला होता कोण जाणे. मुबारकनंच ती काढली. मग त्यानं अंतर राखून, पाठ फिरवून, बारीक आवाजात काहीतरी विचारलं, आणि वळून पाहिलं तर सांडूला त्यानं काही विचारल्याचाच पत्ता नव्हता. जाडा आवाज त्याला येत होता, समोरून बोललेलं कळत होतं. बारीक आणि मागून आलेलं सगळं गेलं होतं. कुनैन जास्त झालं की कानात वाजायला लागतं, मुबारकनं सांगितलं, त्याच्या मावशीचं असंच झालं होतं. आणि इतकी वर्षं इंजिनाशी कान लावून बसलेला माणूस.

“दांडी वर ठेवली की आग उशिरा लागती, मामू,” मुबारक म्हणाला. “ताकद चाकाला मिळत नाय, सगळी पाण्यात उतरती. गाडी चांगली आहे. गाडीला काय बी झालं नाय.”

मग त्यानं खिशातून कानस काढली आणि दांडीच्या पट्टीवर दोन खुणा घासल्या. एक सपाटीची, एक घाटाची. म्हणाला की इथून पुढं कानाला विचारू नको, या खुणांना विचार. आणि मी कुणाजवळ बोलणार नाही. सांडूनं मान हलवली. खोली वाचली होती. आठवडाभर टांगणीला लागलेला जीव खाली यायला हवा होता, पण तो वडाखालीच कुठंतरी अडकून राहिला. वर्षभर आपल्या कानात कुणाचा शब्द पोचत नव्हता, आणि ते आपल्याला सांगायलाही कुणी नव्हतं, हे त्याला परतीच्या रस्त्यावर उमगत गेलं. लक्ष्मीबाई असती तर तिनं आठ दिवसांत ओळखलं असतं. दोन हाका मारून उत्तर आलं नाही म्हटल्यावर तिनं अंगावर लोटा फेकला असता.

जुम्मेरातीला सांडूनं खुणेवर दांडी ठेवली आणि ती तिथंच राहू दिली. कानात किणकिण चालली होती, हात शिवशिवत होता, पण त्यानं तो आवरला. घाटाच्या पायथ्याशी दुसरी खूण धरली. मागच्या खेपेचा तो कातळ गेला, दरी गेली, आणि गाडी एकदाही न कुरकुरता चढून वर आली. झाकण हूं की चूं करेना. सांडूला इतका आनंद झाला की वर्षभराचं मौन विसरून तो पडद्याला म्हणाला, “घाट चढलो, बेगमसाहेब. आता कागजीपुरा. पोरं भिंतीवर कागद वाळत घालायला लागलीत.” मग आपलं आपल्यालाच वाईट वाटलं.

खुलताबादला बेगम आत गेल्या. थोड्या वेळानं अमिना बाहेर आली, सांडूच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, “आज बरं तोंड उघडलंस?”

सांडूनं विचारलं, म्हणजे काय. मग अमिनाचा बांध फुटला. वर्षभर बेगमसाहेब विचारीत होत्या. दर खेपेला, पुलावर, शरणापूरला, चिंचेपाशी. सांडूकडून एक शब्द नाही. आधी त्यांना वाटलं, आजारातून उठलाय, बोलवत नसेल. मग वाटलं, साहेब गेले तशी त्यांची किंमतही संपली, आता ड्रायव्हरसुद्धा उत्तर द्यायला बांधील नाही. अमिना त्याला जाब विचारायला निघाली होती. बेगमसाहेबांनी तिला शपथ घातली. भीक मागून मिळवलेलं बोलणं मला नको, म्हणाल्या. मागच्या दिवाळीत धाकटे साहेब त्याला काढून टाकायला निघाले, तर बेगमच आडव्या आल्या, राहू दे म्हणाल्या. आणि तरीही परवापरवापर्यंत घाटात आल्या की एकदा तरी विचारायच्या.

सांडू ते सगळं तिच्या तोंडाकडे बघून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो गाडीच्या पायरीवर बसला. मुबारक बोलणार नव्हता. खुणा दांडीवर होत्या, गाडी आता जन्मात उकळणार नव्हती. धाकटे साहेब मघाशीच रेडिएटरला हात लावून खूश होऊन गेले होते. आपण गप्प राहिलो तर खोली आपली. आणि गप्प राहिलो तर ती बाई मरेपर्यंत समजणार, की सांडूनं आपल्याला मोजलं नाही.

बेगम येऊन बसल्या. पडदे पडले. सांडूनं हँडल मारलं नाही. तो आपल्या जागेवर बसला, रीत म्हणून समोर बघत, आणि बोलला.

“बेगमसाहेब, गाडीत दोष नव्हता. माझ्या कानात हाय. मला मागचं ऐकूच येत नाय. वरीसभर तुमी इचारत व्हत्या ते मला ठावंच नाय. मला वाटलं, तुमीच बोलायचं सोडलं.”

एवढं सांगून तो थांबला. मागून उत्तर आलं की नाही ते त्याला कळायला मार्ग नव्हता. कानात किणकिण होती आणि समोर कबरस्तानाच्या वाटेवरचा लिंब.  रडतील, रागावतील, काही म्हणतील, पडद्यापलीकडे काय चाललंय ते त्याला या जन्मात ऐकू येणार नव्हतं, हे त्याला त्या घटकेला पुरतं समजलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

अमिना उतरून पुढं आली. तिचेही डोळे लाल होते. “रस्ता सांगत चल, म्हणतात,” ती म्हणाली.

सांडू सांगत गेला. कागजीपुऱ्याचे कागद, घाटातला कातळ, किल्ल्यावरून उडालेली पोपटांची झुंबड. दर वाक्यानंतर पूर्वीच्या सवयीनं तो जरा थांबायचा, तिथं पूर्वी एक हुंकार यायचा. आता तिथं किणकिण यायची. तरी तो थांबायचा आणि मग पुढचं सांगायचा. वाड्यात पोचल्यावर अमिनानं त्याला सांगितलं की शरणापूरच्या अलीकडे बेगमसाहेबांनी विचारलं होतं, मोट चालू आहे का, आणि तू त्याच वेळी म्हणालास, मोट चालू हाय, बैल बदललेत.

नवा ड्रायव्हर एक तारखेला आला. तो निर्णय बेगमसाहेबांनीच घेतला आणि सांडूलाही त्यात खोट काढता आली नाही. मागून कुणी हाक मारली, एखादं पोर किंचाळलं आणि ऐकू आलं नाही, तर खुदाला काय तोंड दाखवू, असं त्या म्हणाल्या होत्या. खोली सांडूकडेच राहिली, नव्या ड्रायव्हरनं धाकट्या साहेबांच्या बाजूला बिऱ्हाड केलं. सांडूनं गाडी धुवायची, पाणी भरायचं आणि बाहेर काढून द्यायची, एवढं ठरलं. नवा माणूस हुशार होता, कान तिखट, त्याला दांडीच्या खुणा बघायचीही गरज नव्हती. पण रस्ता त्याला परका होता. अमिना सांगायची, कुठं आलो म्हणून विचारलं की तो म्हणतो, रास्ते में हैं, बेगमसाहेब. दोन जुम्मेराती बेगमनी विचारलं, तिसरीला नाही विचारलं.

त्या तिसऱ्या जुम्मेराती सांडूनं गाडी पुसून काढून दिली आणि फाटक लावून घेतलं. मोटारखाना रिकामा होता, मधोमध तेलाचा डाग. तो पालथ्या डब्यावर बसला. पाडेगावला पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यानं जाऊ दिला.

“पाडेगाव आलं, बेगमसाहेब,” तो म्हणाला.

मग मिटमिटा सांगितला. मग शरणापूरची मोट, चिंचेखालची म्हातारी, दौलताबादेत पाटीतली सीताफळं. घाट सुरू झाला तेव्हा त्याचा डावा हात आपोआप पुढं झाला आणि हवेतली दांडी धरून खुणेवर स्थिर राहिला. घाट चढून वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यानं हात तसाच धरला. नंतर तो उठला आणि गाडी परतल्यावर लागेल म्हणून पाण्याचा डबा भरून ठेवला, जरी ती गाडी आता पाणी मागत नव्हती.